गरुडाचं तपकिरी वय

तमिळनाडूत देवळाचा कुंभाभिषेक असला, की यज्ञशाळेतले कलश शिखरावर पोचेपर्यंत गर्दीची अर्धी नजर कळसाकडे आणि अर्धी आभाळाकडे लागलेली असते. आभाळात गरुड दिसायला हवा. विटकरी अंगाचा, पांढऱ्याशुभ्र डोक्याछातीचा पक्षी गोपुराभोवती फेरी मारून गेला, की देवानं अभिषेक स्वीकारला असं मानतात. मग हात जोडले जातात, बायका स्वतःच्या गालांवर हलकेच बोटं मारून घेतात, म्हातारी माणसं नातवंडांना उचलून वर दाखवतात. तंजावरच्या बृहदीश्वराचा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी, २३ वर्षांनी झाला. त्या दिवसाच्या आठवणी सांगताना इथली माणसं कलशांइतकंच आभाळाबद्दल बोलतात.

हा गरुड म्हणजे आपली ब्राह्मणी घार. कोकणातल्या कुठल्याही मासळीच्या बंदरावर ती दिसते, आणि कावेरीच्या खोऱ्यात तर नदी सोडून फार लांब जातच नाही. तिचं यंदाचं पिल्लूही त्याच आभाळात फिरत असतं. उडायला लागलेलं, आईबापाएवढंच मोठं, पण अंगभर तपकिरी. डोकं पांढरं नाही, पाठ विटकरी नाही. त्याला कुणी हात जोडत नाही, कारण ते गरुडाचं आहे हेच लक्षात येत नाही. साधी घार समजून नजर पुढे सरकते. कॅमेरा घेतलेल्यांचंही तसंच होतं. पांढऱ्या डोक्याचा पक्षी आला की धडाधड शटर वाजतात, तपकिरी आला की लेन्स खाली उतरते. तिरुवैयारूच्या नदीकाठी आणि तिथून उत्तरेला करैवेट्टीच्या तलावावर मी जात राहिले ती या तपकिरी पक्ष्यांसाठी. नदीचं चालू वर्ष कसं गेलं, हे सांगणारा पक्षी हाच, असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

तंजावरहून तिरुवैयारू उत्तरेला तेरा किलोमीटर. एवढ्या वाटेत पाच नद्या ओलांडाव्या लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. दोन्ही बाजूंना भातखाचरं, बांधावर नारळ, मधूनच केळीचे मळे. गावात ऐयारप्पराचं प्रचंड देऊळ आहे, हलवायांच्या दुकानांत मुगाच्या डाळीचा अशोका हलवा आहे, आणि नदीच्या काठावर त्यागराजांची समाधी आहे. त्यागराज (१७६७ ते १८४७) इथेच राहिले, इथेच गायले. समाधीवरचं मंदिर बंगळूर नागरत्नम्मांनी उभं केलं, आणि पुष्य बहुल पंचमीला शेकडो गायक वाळूतल्या मंडपात बसून एका सुरात पंचरत्न कीर्तनं म्हणतात. संगीताचे चाहते त्यासाठी पुण्यामुंबईहूनही येतात. मंडपात गाणं रंगलेलं असताना बाहेर पन्नास पावलांवर, नदीवर, ब्राह्मणी घारींची वेगळीच लगबग चाललेली असते. जानेवारीचे ते दिवस त्यांच्या घरट्यांचे असतात.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटू नये. १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि तिरुवैयारूतही त्यांच्या काळातला कल्याण महाल नदीकडे तोंड करून उभा आहे. ज्यांच्या घरी मी उतरले होते, ते काका-काकू घरात अजून मराठी बोलतात, बाहेर पडलं की तमिळ. घारीचा विषय काढल्यावर काकूंनी पहिल्यांदा आभाळाकडे पाहून हात जोडले, मग विचारलं, की गरुडाची पिल्लं तुला कुठं दिसली? आपण तर जन्मात पाहिली नाहीत. रोज संध्याकाळी गच्चीत वाळवण आवरताना त्यांच्या डोक्यावरून ती जात होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोट करून दाखवली.

ओळखायची कशी? साध्या घारीची शेपटी मागे दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. ब्राह्मणी घारीची शेपटी, वय काहीही असो, गोल. ही पहिली खूण, आणि बहुतेक वेळा एवढीच पुरते. पिल्लाचे पंख साध्या घारीहून आखूड आणि रुंद असतात, अंगाचा रंग जरा फिकट असतो. पंखाखाली मनगटापाशी एक फिकट, चौकोनी ठिगळ दिसतं. छातीवर बारीक रेघा, पाठीवरच्या पिसांना फिकट टोकं. दुसऱ्या वर्षी डोकं करडं-पांढुरकं व्हायला लागतं. हा सगळ्यात गोंधळात टाकणारा काळ. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तो शुभ्र आणि विटकरी पेहराव पुरा होतो. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची आणखी एक खूण फोटोत नीट दिसते: त्याची सगळी उड्डाणपिसं एकाच वेळी, घरट्यातच उगवलेली असतात, म्हणून पंखाची मागची कड सरळ, अखंड असते. मोठ्या पक्ष्याच्या पंखात जुनी-नवी पिसं मिसळलेली असतात, कड कुठे तुटलेली, कुठे अर्धवट. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही. फोटो मोठा करून पाहिला की दिसतं, आणि कॅमेऱ्याचं खरं काम मला इथे वाटतं.

या पक्ष्याचं शास्त्रीय नामकरणसुद्धा याच किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून झालं. फ्रेंच अभ्यासक ब्रिसाँ यानं १७६० मध्ये त्याचं वर्णन 'पाँडिचेरीचा गरुड' म्हणून केलं, आणि त्याच आधारावर १७८३ मध्ये बोडार्टनं त्याला नाव दिलं. आज त्याला म्हणतात हॅलियास्टर इंडस. त्याचं जवळचं गोत्र म्हणजे हॅलियाइटस, समुद्रगरुडांचं कूळ. त्या कुळात कोकण किनाऱ्यावर घरटी करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड येतो, आणि अमेरिकेचा तो जगप्रसिद्ध बॉल्ड ईगलही येतो. पांढरं डोकं, गडद अंग, पाण्याचा शेजार, माशांवर जगणं, आणि पांढरं डोकं यायला लागणारी वर्षं. तिरुवैयारूच्या पुलावरून जाणारा पक्षी आणि अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून बसलेला पक्षी ही चुलत भावंडं आहेत.

बॉल्ड ईगलच्या पिल्लाला डोकं पांढरं करायला चार ते पाच वर्षं लागतात. तोवर ते गडद तपकिरी, अंगावर पांढऱ्या शिंतोड्यांचं, आणि पुष्कळांना ते सोनेरी गरुडच वाटतं. पक्षिचित्रकार ऑड्युबन यानं १८१४ मध्ये मिसिसिपी नदीवर एक भला मोठा तपकिरी गरुड पाहिला. ही नवीच जात आहे असं जाहीर करून त्यानं तिला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं, 'बर्ड्स ऑफ अमेरिका'त तिचं चित्रही छापलं. पुढे ती जात कुणालाच सापडली नाही. बहुतेक अभ्यासक मानतात, की ते बॉल्ड ईगलचं पोर होतं, आणि काहींना तर त्या चित्राच्या खरेपणाचीच शंका आहे. हे वय किती फसवं आहे, ते यावरून कळावं. आज मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदीवरच्या कोनोविंगो धरणाखाली नोव्हेंबरात तिपायांची रांग लागते. तिथल्या मराठी घरांतली मंडळीही मुलांना घेऊन शनिवार-रविवारी तिकडे जातात. तिथेही आधी पांढरं डोकं, मग बाकीचं.

तिरुवैयारूत मला जे आधी कळलं नव्हतं आणि नदीकाठी बसून कळलं, ते घरट्याचं आणि पाण्याचं वेळापत्रक.

दक्षिणेत ब्राह्मणी घार डिसेंबर ते एप्रिल या काळात वीण करते. पाण्याजवळच्या उंच झाडावर, पिंपळ, आंबा, इलुप्पै म्हणजे आपला मोह, कधी नारळ, काटक्यांचं मोठं घरटं असतं, आणि तीच जोडी वर्षानुवर्षं तोच परिसर धरून राहते. अंडी बहुधा दोन. सव्वीस-सत्तावीस दिवस उबवण, त्यानंतर सुमारे सात-आठ आठवड्यांनी पिल्लू घरटं सोडतं. आता कावेरी पाहा. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजानुसार १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, पुष्य मंडपाच्या घाटावर बायका भरलेल्या नदीची पूजा करतात, तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलेलं असतं. फेब्रुवारी उजाडला की नदी उतरते. मार्चमध्ये पात्रात वाळू वर येते आणि मधेमधे डबकी उरतात. त्या डबक्यांत मासे कोंडलेले असतात.

आईबापांना पिल्लांसाठी मासे सर्वांत जास्त लागतात तेव्हा मासे सर्वांत सहज मिळतात. कापणी झालेल्या खाचरांत खेकडे आणि उंदीर उघड्यावर येतात, तेही त्याच सुमारास. ही सांगड धरणाच्या आधीची की नंतरची, यात मला शिरायचं नाही. उन्हाळ्यात उतरणं हा या नदीचा जुनाच धर्म आहे. पण काठावर बसून एक मोठी मादी डबक्यातून बोटभर मासा उचलून पिंपळाकडे जाताना पाहिली, थोड्या वेळानं पुन्हा, पुन्हा, तेव्हा नदी कोरडी पडते याचं नेहमीचं वाईट वाटणं जरा थांबलं. कोरडी पडलेली नदी कुणाला तरी खाऊ घालत होती.

चित्रै महिन्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, तिरुवैयारूची सप्तस्थान यात्रा निघते. देवाची पालखी तिरुवैयारूसकट सात गावांतून फिरते आणि वाटेत नदीच्या वाळूतून चालते. आपल्याकडच्या वारीची आठवण यावी अशी ती गर्दी, मात्र उन्हात आणि वाळूत. पिल्लं घरट्याबाहेर पडलेली असतात ती याच दिवसांत. मी पालखी पाहायला आले असं समजून एका मासेमार आजोबांनी मला पुढे सरकायला जागा करून दिली. माझी लेन्स उलट्या दिशेला, नारळांच्या शेंड्यांकडे वळलेली पाहून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “काय शोधतेस, अम्मा?” मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, की परुंदु, म्हणजे साधी घार आहे, रोजचीच. गरुडनचं पोर आहे असं सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला. देवळासमोर उभं राहताना इथली जुनी माणसं तसं करतात. मला काही बोलता आलं नाही.

त्या दुपारी जे पाहिलं, त्याच्यासाठी कितीही वाट पाहिली असती. एक तपकिरी पिल्लू नारळाच्या झावळीवरून निघालं, पंजात काहीतरी होतं. मासा असेल असं वाटून मी लेन्स लावली. ते आंब्याचं वाळकं पान होतं. नदीच्या मधोमध, पुष्कळ उंचीवर, त्यानं ते सोडून दिलं. पान गिरक्या घेत खाली यायला लागलं. पिल्लानं पंख मिटले, एका बाजूला कलंडून खाली झेप घेतली, आणि पानाच्या थोडं अलीकडून रिकाम्या पंजानं निसटलं. मग वळून आलं, दुसऱ्या खेपेला पान पंजात आलं. पुन्हा उंच जाऊन सोडलं. असं चालू राहिलं, मधेच दुसरं पिल्लू आलं आणि पहिल्याच्या पानावर झेपावलं. ब्राह्मणी घारीची पिल्लं असं खेळतात, हे पक्ष्यांच्या पुस्तकांतही नोंदलेलं आहे. खेळता खेळता पडती वस्तू हवेत पकडायला ती शिकतात, आणि पुढे आयुष्यभर हेच कामी येतं. पाण्यावरून मासा उचलताना वेग आणि कोन यांचा हिशेब क्षणात करावा लागतो. दुसऱ्या पक्ष्याच्या तोंडचा घास खाली पाडून हवेतच झेलणं, यातही ब्राह्मणी घारी तरबेज असतात. चुकून पाण्यात पडलीच, तर ही घार चक्क पोहते आणि उडूनही जाते.

पांढऱ्या डोक्याच्या पक्ष्याला मी पान झेलताना पाहिलं नाही. मोठे पक्षी त्या दुपारी काठाच्या झाडावर बसून पिसं साफ करत होते.

फोटोच्या बाबतीत वाळूचा एक मोठा उपकार आहे. पक्ष्यांचे फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढावेत, दुपारी घरी बसावं, असं सगळे सांगतात, आणि ते इतरत्र खरं आहे. दुपारी ऊन डोक्यावर असतं, पंखाखालचा भाग काळाठिक्कर येतो. पण तिरुवैयारूत मार्चनंतर नदीच्या पात्रात पांढुरकी वाळू पसरलेली असते. तिच्यावरून उजेड उलटा वर फेकला जातो आणि पंखाखालची प्रत्येक रेघ उजळते. पिल्लाचं ते फिकट ठिगळ, मागची अखंड कड, छातीवरच्या रेघा सगळं स्पष्ट येतं. शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. खेळ चालला असेल तर तीन हजारावा. आभाळ मागे असल्यावर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो, म्हणून एक स्टॉप उजेड वाढवावा. पांढऱ्या डोक्याच्या घारीला हेच केलं तर डोक्यावरचं एकही पीस दिसणार नाही, नुसता पांढरा डाग उरेल. तपकिरी पिल्लू या बाबतीत फोटो काढणाऱ्याला सोपं जातं. अवघड जातं ते झाडावर बसल्यावर, कारण झावळीच्या वाळक्या देठांत ते मिसळून जातं.

घरट्याचा फोटो मात्र काढू नये. हे मी ठामपणे लिहिते आहे. घरट्याखाली माणूस उभा राहिला की आई उठते, आणि ती उठली की कावळा वाटच बघत असतो. उन्हात उघडं पडलेलं कोवळं पिल्लू फार वेळ तग धरत नाही. मी ज्या पिंपळाबद्दल लिहिलं, तो गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते म्हणूनच सांगितलेलं नाही. पक्षी जवळ यावेत म्हणून खाऊ टाकणं हेही तसंच. मलेशियात लंकावी बेटावर पर्यटकांच्या बोटी कोंबडीची कातडी पाण्यात टाकतात आणि ब्राह्मणी घारींचे थवे झेपावतात. फोटो जोरदार येतात. अलास्कातल्या होमर गावी बॉल्ड ईगलना वर्षानुवर्षं मासे टाकले जात, जगभर छापले गेलेले कितीतरी फोटो तिथलेच. शेवटी गावाला त्यावर बंदी घालावी लागली. ज्या वयात पिल्लू पान झेलून शिकारीचा हात बसवत असतं, त्या वयात त्याला आयती कातडी मिळाली तर ते काय शिकेल?

या कामात तमिळनाडूचा वारसा मोठा आहे. म. कृष्णन (१९१२ ते १९९६) यांनी आयुष्यभर कृष्णधवल फोटो काढले, तेही निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जोडून बनवलेल्या यंत्रानं. त्याला ते 'सुपर पोंडेरोसा' म्हणत. प्राणी जसा आहे तसा, त्याच्या झाडाझुडपांसकट, त्याच्या वागण्यासकट दाखवायचा, हा त्यांचा आग्रह. आणि त्यांच्याही आधी, तंजावरला, सरफोजी दुसरे (राज्य १७९८ ते १८३२) यांनी आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली. तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पाठवलेल्या त्यांतल्या चित्रांचा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हत्ती-घोड्यांच्या सचित्र पोथ्या पाहिल्या की या दरबारात प्राण्याकडे नुसतं शोभेचं म्हणून पाहत नव्हते, हे पटतं. दात, खूर, वय, रोग, औषध सगळं त्यांत आहे. घोड्याचं वय दातांवरून ओळखणं ही जशी विद्या, तशीच घारीचं वय पिसांवरून ओळखणं ही.

तिरुवैयारूहून अरियलूरच्या रस्त्यानं उत्तरेला निघालं की कोळ्ळिडमचा रुंद पूल लागतो. पलीकडे तिरुमानूर, आणि तिथून थोडं आत करैवेट्टीचा तलाव. मेट्टूरचं पाणी पुळ्ळंबाडी कालव्यानं इथवर येतं. १९९९ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, साडेचारशे हेक्टरांचं, आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी रामसर पाणथळ म्हणून त्याची घोषणा झाली. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब इथे हिवाळा काढतात. ते पाहायलाच बहुतेक लोक येतात. तलवार बदकं, हळदीकुंकू बदकं, चित्रबलाक, झोळीवाले, पाणकावळे, कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी. बांधावरून चालताना पाण्याचा एवढा मोठा पसारा आणि त्यावर एवढे आवाज, की कुठे पाहावं कळत नाही. दलदलीवरचा भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, खाली येऊन फिरू लागला की अख्खा तलाव एकदम उठतो. ब्राह्मणी घार आल्यावर बदकं उठत नाहीत. ती कुणाला घाबरायचं ते नीट ओळखतात.

करैवेट्टीला तपकिरी पक्षी हिवाळ्यातही भेटतात: मागच्या वर्षीची पिल्लं, डोक्याला नुकता करडेपणा आलेली. बांधावरच्या बाभळींवर ती बसतात. संध्याकाळी ब्राह्मणी घारी एकत्र मुक्कामाला येतात. एखाद्या एकाकी मोठ्या झाडावर शेकड्यांनी, सहाशेपर्यंत घारी उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा मुक्कामाच्या झाडाखाली उभं राहून किती पांढरी डोकी, किती करडी, किती तपकिरी, हे मोजता येतं. आणि इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

पांढऱ्या डोक्याची घार आज दिसली, याचा अर्थ काही वर्षांपूर्वी एक अंडं फुटलं आणि पिल्लू जगलं. यंदा काय झालं, ते ती सांगू शकत नाही. ते फक्त तपकिरी पक्षी सांगतो.

हे शिक्षण जगाला बॉल्ड ईगलनं दिलं. चार्ल्स ब्रोली नावाचा विनिपेगचा बँकर निवृत्त झाल्यावर फ्लोरिडात हिवाळा घालवायला जाऊ लागला आणि १९३९ पासून झाडांवर चढून गरुडाच्या पिल्लांच्या पायांत कडी घालू लागला. बाराशेच्या आसपास पिल्लांना त्यानं कडी घातली. १९४७ नंतर त्याच्या लक्षात आलं, की घरटी आहेत, जोड्या आहेत, पिल्लं मात्र दिसत नाहीत. तिकडे पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटनवरून दर शरदात गरुड मोजले जात. १९३५ ते १९३९ या काळात मोजलेल्या बॉल्ड ईगलांपैकी ४० टक्के तपकिरी, कमी वयाचे असत. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले, आणि १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एकच पिल्लू दिसलं. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हे आकडे मांडले. डीडीटी माशांत, माशांतून गरुडांत उतरत होतं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ होत होती की आई बसली की फुटत. १९६३ मध्ये अलास्का वगळून अमेरिकेत अवघ्या ४१७ जोड्या उरल्या. १९७२ ला डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ ला बॉल्ड ईगल धोक्याच्या यादीतून बाहेर काढता आला. मोठे पक्षी दिसत होते म्हणून लोक निर्धास्त होते. संकटाची खबर तपकिरी पिल्लांच्या नसण्यानं दिली, तीही ज्यांनी वय मोजलं होतं त्यांनाच.

कावेरीचं खोरं हे भाताचं खोरं. खत आणि औषधफवारणी इथे रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फान थांबवलं, तरी दुकानांतल्या फळ्या रिकाम्या नाहीत. खाचरातला खेकडा औषध पितो, घार खेकडा खाते. याच जिल्ह्यातल्या एलंगाडु गावी जन्मलेले गो. नम्माळ्वार (१९३८ ते २०१३) शेतकी खात्यातली नोकरी सोडून आयुष्यभर गावोगाव फिरले आणि विषाविना शेती करा, असं शेतकऱ्यांना सांगत राहिले. त्यांचं ऐकून देशी भाताकडे वळलेले शेतकरी मला तिरुवैयारूच्या आसपास भेटले. त्यांतल्या एकाच्या बांधावरच्या मोहावर ब्राह्मणी घारीचं घरटं होतं. ते तोडायचं त्याच्या मनातही येत नव्हतं. गरुड आपल्या शेतात राहतो, याचा त्याला अभिमान होता. आंध्रातून आलेले तेलुगू, मराठी मुलखातून आलेले मराठी आणि मूळचे तमिळ, सगळ्यांनी मिळून या एका पक्ष्याला हात लावला नाही. महाभारताच्या आदिपर्वात विनतेनं घाईनं एक अंडं फोडलं आणि अर्धवट अंगाचा अरुण बाहेर आला. दुसऱ्या अंड्याला तिनं पाचशे वर्षं वाट पाहिली, तेव्हा गरुड जन्मला. ज्यांनी ही गोष्ट लिहिली त्यांना अंड्याची आणि पिल्लाची वाट पाहणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं.

दर जानेवारीत तमिळनाडूतले पक्षीनिरीक्षक पोंगलच्या चार दिवसांत पक्षी मोजतात आणि नोंदी ईबर्डवर चढवतात. यादीत ब्राह्मणी घार हमखास असते. ईबर्डवर प्रत्येक नोंदीत पक्ष्याचं वय लिहायची सोय आहे, पण ते लिहिणारे थोडे. करैवेट्टीच्या बांधावर भेटलेल्या दोन कॉलेजच्या मुलांना मी ते दाखवलं. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या सकाळचे शंभरेक फोटो होते, त्यांत तपकिरी पक्ष्याचे जेमतेम तीन, आणि तेही साधी घार म्हणून नोंदवलेले. त्यांतल्या दोघांच्या शेपट्या गोल होत्या. मुलांनी तिथेच, बांधावर उभं राहून, नोंद दुरुस्त केली. एकानं विचारलं, “अक्का, हे गेल्या वर्षीचं की यंदाचं?” डोक्यावर करडेपणा आलेला होता. गेल्या वर्षीचं.

कोकणातही हे सहज करता येईल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात समुद्रगरुडांची घरटी शोधून मोजण्याचं काम सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं केलेलं आहे. ब्राह्मणी घार त्याहून सोपी, कारण ती माणसाजवळ राहते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. त्याआधी मे महिन्यात, संध्याकाळी, हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चाललेला असताना वर बघावं. पांढरी डोकी आधी मोजावीत. मग साध्या घारींच्या घोळक्यात गोल शेपटीचा, फिकट ठिगळाचा तपकिरी पक्षी शोधावा, त्याचे दोन-चार फोटो काढावेत आणि तारीख, जागा, वय लिहून ठेवावं. पुढल्या मे महिन्यात त्याच जागी पुन्हा.